बीपीची गोळी आणि कर्करोगाची भीती: पाकीट हातात घेऊन काय तपासायचे

सगळ्यात आधी आजची गोळी घ्या. मग निवांत बसून पुढचे वाचा.

बीपीच्या गोळीने कर्करोग होतो असा मेसेज मोबाईलवर आला की मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिले काम होते ते गोळी बंद करण्याचे, आणि तेही कोणाला न सांगता. डॉक्टरला सांगावे तर ते रागावतील, पोराला सांगावे तर त्याच्या जिवाला घोर, म्हणून माणूस गप्प राहतो. बीपी वाढला तरी दुखतखुपत काही नाही, त्यामुळे महिनाभर उलट बरेच वाटते. मग एका सकाळी तोंड वाकडे होते, हात उचलत नाही. वरचा बीपी १० ने उतरला तर लकव्याचे प्रमाण साधारण २७ टक्क्यांनी घटते, हे सहा लाखांहून अधिक लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून २०१६ मध्ये दाखवून झाले आहे. गोळी सोडली की हे संरक्षण गेले. आणि ज्याला भिऊन सोडली, ते बहुतेक वेळा त्या गोळीत नसतेच.

काही गोळ्या एकदम सोडणे तर फारच वाईट. क्लोनिडिन अचानक थांबवली की एक-दोन दिवसांत बीपी आधीपेक्षाही वर उसळतो. ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रॅनोलॉल या गोळ्या हृदयाचा आजार असलेल्याने एकदम बंद केल्या तर छातीत दुखण्यापासून झटक्यापर्यंत काहीही होऊ शकते. त्या बंद करायच्याच असतील तर डॉक्टर एक-दोन आठवड्यांत थोड्या थोड्या कमी करत आणतात.

भीती एक नाही, तीन आहेत

मेसेजमध्ये सगळे एकत्र कालवलेले असते. प्रत्यक्षात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि प्रत्येकीवर करायचे काम वेगळे आहे. पहिली म्हणजे कारखान्यात एखाद्या बॅचमध्ये, म्हणजे एका खेपेत बनलेल्या गोळ्यांत, शिरलेली अशुद्धी. तिथे दोष औषधाचा नसून त्या बॅचचा असतो. दुसरी म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड नावाचे एकच औषध, आणि त्याचा ऊन व त्वचेच्या कर्करोगाशी असलेला संबंध. ही गोष्ट खरी आहे आणि तिच्याकडे लक्ष द्यायलाच हवे. तिसरी म्हणजे बाकीच्या गोळ्यांवर वेळोवेळी घेतलेल्या शंका. त्यांतल्या बहुतेक नंतरच्या मोठ्या अभ्यासांत टिकल्या नाहीत.

तिसरीपासूनच सुरुवात करू, कारण तिच्यात वेळ घालवण्यासारखे कमी आहे. २०१० मध्ये सार्टन गटावर, म्हणजे टेल्मिसार्टन, लोसार्टन, व्हल्सार्टन यांच्यावर, शंका आली. त्या विश्लेषणात गोळी घेणाऱ्यांपैकी ७.२ टक्के आणि न घेणाऱ्यांपैकी ६ टक्के लोकांना नवा कर्करोग दिसला होता. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मग ३१ चाचण्या, म्हणजे सुमारे १ लाख ५६ हजार रुग्ण, तपासले आणि २०११ मध्ये धोका वाढत नसल्याचे जाहीर केले. ॲम्लोडिपिनच्या गटावर २०१३ मध्ये स्तनाच्या कर्करोगाचा संशय घेतला गेला, पण पुढच्या अभ्यासांत तो ठरला नाही. २०२१ मध्ये ३३ चाचण्यांतल्या २ लाख ६० हजारांहून अधिक लोकांची माहिती एकेका रुग्णागणिक पुन्हा तपासली गेली. बीपीच्या औषधांचा कोणताच गट कर्करोग वाढवतो असा सातत्याने टिकणारा पुरावा तीत मिळाला नाही. या चाचण्या सरासरी चार-सव्वाचार वर्षे चालल्या होत्या. कर्करोग कधी कधी त्याहून जास्त वेळ घेतो, म्हणून लक्ष ठेवणे थांबलेले नाही, एवढीच त्यात पुस्ती.

आणखी एक गाठ सोडवून ठेवलेली बरी. वाढलेला बीपी स्वतःच किडनीच्या कर्करोगाशी जोडलेला आहे. गोळी घेणाऱ्यांत किडनीचा कर्करोग जास्त दिसला तर तो गोळीमुळे की ज्या बीपीसाठी गोळी लागली त्यामुळे, हे वेगळे करणे अवघड असते. मेसेज लिहिणारा ते वेगळे करत नाही.

पाकीट वाचायचे कसे

गोळ्यांचे पाकीट उलटे करा, चंदेरी बाजू वर. ठळक अक्षरांतले मोठे नाव कंपनीने ठेवलेले असते, त्यावरून काही ठरवायचे नाही. त्याच्या आसपास बारीक अक्षरांत इंग्रजीत एका गोळीत काय काय आहे ते लिहिलेले असते: टेल्मिसार्टन आयपी ४० मिलिग्रॅम, हायड्रोक्लोरोथायझाइड आयपी १२.५ मिलिग्रॅम, असे (आयपी म्हणजे भारतीय औषधकोशाच्या दर्जाचे). अक्षर फार बारीक असेल तर मोबाईलने फोटो काढून बोटांनी मोठा करा. इंग्रजी वाचता येत नसेल तर आशाताई, उपकेंद्रातले आरोग्य अधिकारी किंवा कॉलेजात जाणारी नात, कोणीही दोन मिनिटांत वाचून देईल. वाचलेले नाव वहीत मराठीत उतरवून ठेवा.

मोठ्या नावाच्या मागे लागलेली अक्षरे अंदाज देतात. ‘एएम’ म्हणजे बहुधा सोबत ॲम्लोडिपिन. ‘एच’ किंवा ‘एचसीटी’ म्हणजे हायड्रोक्लोरोथायझाइड. ‘सीटी’ किंवा ‘सीएच’ म्हणजे क्लोरथॅलिडोन. ‘एटी’ म्हणजे ॲटेनोलॉल. पण कंपनीगणिक ही अक्षरे बदलतात, म्हणून शेवटचा शब्द बारीक अक्षरांतल्या यादीचाच. गोळीच्या रंगावर जाऊ नका. दोन रंगांच्या दोन थरांची गोळी दिसली की ‘पाण्याची’, म्हणजे लघवी वाढवणारी, गोळी असे काही जण धरून चालतात, पण तशी गोळी ॲम्लोडिपिनसोबतही येते.

इथे हमखास होणारी एक चूक. अनेक औषधांच्या नावापुढे ‘हायड्रोक्लोराइड’ असते, जसे शुगरच्या मेटफॉर्मिनपुढे किंवा प्रोप्रॅनोलॉलपुढे. ते औषध ज्या क्षाराच्या रूपात दिले आहे त्याचे नाव आहे, हायड्रोक्लोरोथायझाइडशी त्याचा काही संबंध नाही. इंग्रजीत पहिली दहा अक्षरे सारखी असतात म्हणून घोटाळा होतो. शब्दाच्या शेवटी ‘थायझाइड’ आहे का, तेवढे बघा.

ज्यांच्या यादीत हा शब्द नाही त्यांनी पुढचे दोन भाग सोडून सरळ बॅचच्या भागाकडे जावे. सरकारी दवाखान्यात बीपीला साधारण ॲम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन मिळते, त्या दोन्हींत हायड्रोक्लोरोथायझाइड नसते. तरी पाकीट वाचून खात्री करा.

हायड्रोक्लोरोथायझाइड: बेरीज करून बघा

हे लघवी वाढवून बीपी उतरवणारे जुने, स्वस्त आणि कामाचे औषध आहे. त्यामुळे त्वचा उन्हाला जास्त हळवी होते. सूर्याच्या अतिनील किरणांनी त्वचेच्या पेशींना होणारी इजा या औषधाच्या सान्निध्यात वाढते, आणि ती वर्षानुवर्षे साचत जाते. २०१७-१८ मध्ये डेन्मार्कच्या नोंदवह्यांतून हे स्पष्ट झाले. आयुष्यभरात एकूण ५०,००० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त औषध पोटात गेलेल्यांत त्वचेच्या स्क्वेमस पेशींचा (वरच्या थरातल्या चपट्या पेशींचा) कर्करोग सुमारे चौपट आढळला, आणि बेसल पेशींचा (त्या थराच्या तळाच्या पेशींचा) साधारण १.३ पट. २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हे औषध पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, टाकले.

‘पहिला गट’ ऐकून दचकायला होते, म्हणून त्याचा अर्थ नीट समजून घ्या. पुरावा किती पक्का आहे ते गट सांगतो. धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. तंबाखू, सुपारी आणि ऊन हेही त्याच गटात आहेत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये धोक्याचा आकार असा मांडला: हे औषध घेणाऱ्या दर १६,००० लोकांमागे वर्षाला एक जादा रुग्ण. गोऱ्या कातडीच्या आणि ५०,००० मिलिग्रॅमच्या पुढे गेलेल्या लोकांत दर ६,७०० मागे एक. आपल्या सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य मुळातच बरेच संरक्षण देते आणि त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्यांपेक्षा पुष्कळ कमी होतो. शिवाय हे दोन्ही प्रकार बहुतेक वेळा लवकर दिसतात आणि छोट्या शस्त्रक्रियेने निघतात.

तरीही मराठवाड्यात बेरीज करून बघावी असे आमचे ठाम मत आहे, कारण इथला रुग्ण उन्हात राहतो. कापसाची वेचणी, ऊसतोड, सोयाबीनची काढणी ही कामे सावलीत होत नाहीत.

बेरीज सोपी आहे. रोज १२.५ मिलिग्रॅम म्हणजे वर्षाला साधारण ४,५६०. या हिशेबाने ५०,००० व्हायला सुमारे ११ वर्षे लागतात. रोज २५ मिलिग्रॅम असेल तर साडेपाच वर्षे. अमिलोराइडसोबत येणाऱ्या काही जुन्या गोळ्यांत एका गोळीत २५ किंवा ५० मिलिग्रॅम असते. ५० वाली रोज घेतली तर पावणेतीन वर्षांत हा आकडा गाठला जातो. एखाद्याला ‘एच’ची १२.५ वाली गोळी २०१७ पासून चालू आहे, तर २०२५ पर्यंत आठ वर्षांचे ३६,५०० झाले. मध्ये गोळी बदलली असेल तर त्या त्या वर्षांचे वेगळे मांडा. जुन्या चिठ्ठ्या सापडत नसतील तर नेहमीच्या मेडिकलवर विचारा, संगणकावर बिले असतात. ५०,००० च्या अलीकडे सगळे सुरक्षित आणि पलीकडे सगळे धोक्यात, अशी रेघ नाही. धोका हळूहळू चढतो. तो आकडा डॉक्टरशी बोलायला हाताशी असावा, इतकेच.

बेरीज कमी असली तरी काही जणांनी हे औषध बदलून घेण्याबद्दल लगेच बोलावे: आधी त्वचेचा कर्करोग होऊन गेलेले, जन्मापासून कातडी-केस पांढरे असलेले, किडनी बदललेले आणि प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या घेणारे.

अंग तपासायचे, दर तीन महिन्यांनी

सकाळच्या उजेडात, अंगणात किंवा खिडकीपाशी. ट्यूबलाइटखाली नको, बारीक फरक दिसत नाही. आरसा आणि एक माणूस सोबत. ऊन लागणाऱ्या जागा क्रमाने बघा: खालचा ओठ, नाकाचा शेंडा, कानाची वरची कड, टक्कल असेल तर डोके, मानेची मागची बाजू, हाताच्या पाठी, कोपरापर्यंतचे हात, पायाच्या नडग्या. खालचा ओठ बोटाने खाली ओढून आतूनही बघा. तंबाखूची चिमूट ठेवायची जागा तीच असते, म्हणजे एका तपासणीत दोन कामे होतात. जुना भाजल्याचा व्रण किंवा वर्षानुवर्षे न भरलेली जखम असेल तर ती आधी बघा. आपल्याकडे त्वचेचा कर्करोग बऱ्याचदा अशाच जागी उगवतो, मग गोळी कोणतीही चालू असो.

शोधायचे काय? चार आठवड्यांत न भरलेला फोड. खपली निघते, थोडे रक्त येते, पुन्हा खपली धरते, असा चट्टा. हात फिरवल्यावर सँडपेपरसारखी खरखरीत लागणारी जागा. वाढत जाणारी कडक गाठ. आणि सावळ्या त्वचेवर विशेष लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे काळसर, चकचकीत, मोत्यासारख्या कडेची पुळी. पुस्तकांतले बेसल पेशींच्या कर्करोगाचे फोटो गुलाबी असतात, आपल्या कातडीवर तो बऱ्याचदा काळा दिसतो आणि तीळ समजून सोडून दिला जातो.

असे काही दिसले तर जवळ पट्टी ठेवून फोटो काढा, तारीख लिहा. चार आठवडे झाले की त्वचारोग विभाग गाठा: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ, लातूर किंवा नांदेड-विष्णुपुरीचे शासकीय रुग्णालय, जे जवळ पडेल ते. तिथे जागा बधिर करून छोटा तुकडा काढतात आणि तपासायला पाठवतात. तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो हा समज चुकीचा आहे, आणि त्यापायी फार लोक उशीर करतात. निदान झालेच तर संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, धाराशिवकडच्या लोकांना बार्शीचे कर्करोग रुग्णालय जवळ पडते. चट्ट्यावर चुना, गुल किंवा झाडाचा चीक लावू नका. जागा जळते आणि नंतर डॉक्टरला मूळ रूप दिसत नाही.

उन्हाचे म्हणाल तर अकरा ते चारचे ऊन जमेल तेवढे टाळा. कापूस वेचताना बाया साडीवर घरधन्याचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात, त्यासारखे स्वस्त आणि चांगले संरक्षण नाही. गडद, दाट विणीचे कापड पातळ पांढऱ्यापेक्षा किरणे जास्त अडवते. टोपीने कान आणि मान उघडी राहते, म्हणून रुमाल मानेवरून घ्या. गोळी चालू झाल्यावर उन्हात कातडी नेहमीपेक्षा लवकर जळू लागली, लाल होऊन खाज सुटली, तर ते डॉक्टरला सांगा.

बॅचची गोष्ट

जुलै २०१८ मध्ये चीनमधल्या एका कारखान्यात बनलेल्या व्हल्सार्टनच्या कच्च्या मालात एनडीएमए नावाचा नायट्रोसमीन, म्हणजे कर्करोग घडवू शकणाऱ्या रसायनांच्या कुळातला एक पदार्थ, सापडला आणि जगभर गोळ्या परत मागवल्या गेल्या. कारखान्याने काही वर्षांपूर्वी बनवण्याची पद्धत बदलली होती. या औषधाच्या रेणूत टेट्राझोल नावाचे कडे असते, ते तयार करायला अझाइड लागते आणि उरलेले अझाइड नष्ट करायला नायट्राइट वापरले गेले. द्रावकातून सुटलेल्या डायमिथाइल अमाइनशी त्या नायट्राइटची गाठ पडली आणि एनडीएमए तयार झाला. पुढे लोसार्टन आणि इर्बेसार्टनच्या काही बॅचमध्येही त्याच कुळातली अशुद्धी निघाली.

धोका किती होता? अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा अंदाज असा: ८,००० लोकांनी ३२० मिलिग्रॅम हा सर्वांत मोठा डोस, तोही दूषित बॅचचाच, सलग चार वर्षे रोज घेतला, तर त्या सगळ्यांच्या उभ्या आयुष्यात मिळून कर्करोगाचा एक जादा रुग्ण. म्हणून तेव्हाही सूचना हीच होती की दुसरी गोळी हातात येईपर्यंत पहिली थांबवू नका.

आपल्याकडे सर्वांत जास्त चालणाऱ्या टेल्मिसार्टनच्या रेणूत ते टेट्राझोलचे कडे नाही. त्यामुळे २०१८ चा तो विशिष्ट घोटाळा त्याला लागू होत नाही. व्हल्सार्टनचा मेसेज वाचून टेल्मिसार्टन सोडणारे बरेच आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिले.

दोष कच्च्या मालात होता, म्हणून महाग ब्रँड घेतला की सुटलो असे नाही आणि जनऔषधीची गोळी स्वस्त म्हणून वाईट असेही नाही. करायचे ते एवढेच: बॅच नंबर आपल्याकडे ठेवा. मेडिकलवाला दहाच्या पत्त्यातून पाच गोळ्या कापून देतो तेव्हा बॅच आणि मुदत छापलेली कड बहुधा त्याच्याकडेच राहते. शक्यतो पूर्ण पाकीट घ्या. जमत नसेल तर कड असलेला तुकडा मागा, किंवा पक्के बिल घ्या, त्यावर बॅच नंबर असतो. पाकिटातल्या गोळ्या वापरताना कडेपासून सुरुवात करू नका, ती शेवटी राहू द्या. ऑगस्ट २०२३ पासून देशातल्या जास्त खपाच्या ३०० ब्रँडवर क्यूआर कोड सक्तीचा आहे. मोबाईलने तो स्कॅन केला की औषधाचे नाव, कंपनी, बॅच आणि मुदत दिसते, ती पाकिटावरच्या छपाईशी जुळवून बघा. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था दर महिन्याला दर्जात नापास झालेल्या बॅचची यादी संकेतस्थळावर टाकते. त्यात आपली बॅच सापडली तर गोळ्या फेकू नका. पाकीट आणि बिल घेऊन मेडिकलवर जा, दुसऱ्या बॅचच्या गोळ्या घ्या आणि तक्रार राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या मोफत क्रमांकावर नोंदवा.

गोळ्या ठेवण्याबाबतही दोन शब्द. टेल्मिसार्टन हवेतला ओलावा पटकन ओढते. आठवड्याच्या सगळ्या गोळ्या सोलून प्लॅस्टिकच्या डबीत भरून ठेवल्या की पावसाळ्यात त्या मऊ पडतात, रंग बदलतो. घेतेवेळीच सोला. पत्र्याच्या घरात मे महिन्यात देवळीत किंवा टीव्हीवर ठेवू नका, माठाच्या खोलीत, पण माठापासून दूर ठेवा. बीपीच्या गोळीसोबत ॲसिडिटीला रॅनिटिडिन घेणाऱ्यांनी तर डॉक्टरला विचारून ती बदलूनच घ्यावी. त्या औषधात एनडीएमए नुसत्या उष्णतेने आणि काळाने वाढत जातो हे २०२० मध्ये दिसून आले, आणि २०२२ मध्ये आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतूनही ते काढले गेले.

नायट्रोसमीनचा विषय निघाला आहे तर हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. एनडीएमएची दिवसाची मान्य मर्यादा ९६ नॅनोग्रॅम आहे. तंबाखूत याच कुळातले एनएनएन आणि एनएनके असतात, दोन्ही पहिल्या गटातले, आणि एका ग्रॅम तंबाखूत ते मायक्रोग्रॅममध्ये मोजावे लागतात. मायक्रोग्रॅम म्हणजे हजार नॅनोग्रॅम. तोंडाचा कर्करोग आपल्या भागातल्या पुरुषांत किती आहे हे कोणत्याही कर्करोग रुग्णालयाच्या ओपीडीत बसल्यावर दिसते. गोळीची भीती वाटत असेल आणि खिशात पुडी असेल, तर कर्करोग टाळण्याचे सर्वांत मोठे काम त्या पुडीपाशी आहे. त्याने बीपीही सुधारतो. मदतीला १८००-११२-३५६ हा तंबाखू सोडण्याचा मोफत राष्ट्रीय क्रमांक आहे.

खोकला आणि छातीतली गाठ

एनालाप्रिल, रॅमिप्रिल, लिसिनोप्रिल अशा ‘प्रिल’ने संपणाऱ्या गोळ्यांवर २०१८ मध्ये ब्रिटनच्या सुमारे दहा लाख रुग्णांच्या अभ्यासातून फुप्फुसाच्या कर्करोगाची शंका आली. सार्टन घेणाऱ्यांपेक्षा यांच्यात तो १४ टक्के जास्त होता. या गोळ्यांनी कोरडा खोकला येतो, खोकल्यामुळे एक्स-रे जास्त निघतात आणि लपलेले कर्करोग लवकर सापडतात, हेही त्या आकड्यामागे असू शकते. प्रत्यक्षात करायचे ते असे: गोळी चालू झाल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत घशात खवखव होऊन कोरडा खोकला लागला तर डॉक्टरला गोळीचे नाव सांगा. गोळी बदलल्यावर तो साधारण एक ते चार आठवड्यांत थांबतो. नाही थांबला, बेडका पडू लागला, वजन उतरले किंवा रक्त आले, तर गोळीला दोष देत बसू नका. दोन आठवड्यांपुढचा खोकला म्हणजे आपल्याकडे आधी टीबीची तपासणी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते.

स्पायरोनोलॅक्टोनने पुरुषांची छाती हुळहुळी होऊन सुजते. बहुधा ती कर्करोगाची गाठ नसते. पण सूज एकाच बाजूला, कडक आणि न दुखणारी असेल तर दाखवून घ्या.

डॉक्टरसमोर काय बोलायचे

ओपीडीत तीन मिनिटे मिळतात. “गोळीने कॅन्सर होतो का हो?” असे विचारले तर “काही होत नाही, चालू ठेवा” एवढेच उत्तर मिळते आणि मन शांत होत नाही. त्याऐवजी सगळी पाकिटे टेबलावर ठेवून असे म्हणा: “सर, माझ्या गोळीत हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ आहे. नऊ वर्षे झाली, बेरीज ४१ हजार होते. मी दिवसभर शेतात असतो. ही बदलता येईल का, की चालू ठेवायची?” हा प्रश्न मुद्द्याचा आहे आणि त्याचे उत्तर डॉक्टरला द्यावेच लागते. कधी उत्तर ‘चालू ठेवा’ असेल, कारण ती गोळी तुमचा बीपी चांगला सांभाळत असेल आणि तुमचा उन्हाशी संबंध कमी असेल. तेही योग्यच.

बदल करायचा ठरला तर ॲम्लोडिपिन वाढवणे, किंवा लघवीची गोळी हवीच असेल तर क्लोरथॅलिडोन वा इंडापामाइड, असे पर्याय असतात. क्लोरथॅलिडोनने पोटॅशियम जास्त उतरते. म्हणून दोन ते चार आठवड्यांत रक्तातले सोडियम, पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासायला विसरू नका, उन्हाळ्यात तर नाहीच. पायात गोळे येणे, गळून जाणे, उभे राहताना अंधारी येणे ही हे क्षार उतरल्याची चिन्हे. या गोळ्यांसोबत अंगदुखीला डायक्लोफेनॅक किंवा ब्रूफेनचा सपाटा लावला तर किडनीवर ताण येतो.

गोळी सोडून काढा घेण्याचा सल्ला गावात कोणीतरी देतोच. त्यात ज्येष्ठमध आहे का ते विचारा. ते बीपी वाढवते आणि पोटॅशियम घटवते.

कर्करोगाचे उपचार चालू असतील तर

इथे गोष्ट उलटी होते. बेव्हॅसिझुमॅबसारखी कर्करोगाची काही औषधेच बीपी चढवतात, म्हणून त्या काळात बीपीची गोळी जास्त गरजेची. संभाजीनगर, बार्शी किंवा मुंबईला जाताना बीपीची सगळी पाकिटे सोबत न्या. डिल्टियाझेम आणि व्हेरापॅमिल या दोन गोळ्या कर्करोगाच्या काही औषधांचे रक्तातले प्रमाण वाढवतात, त्यांची नावे आवर्जून सांगा. केमोनंतर उलट्या-जुलाब लागले, पाणी पोटात ठरत नसेल, तर सार्टन, ‘प्रिल’ आणि लघवीच्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवाव्या लागू शकतात. ते स्वतः ठरवू नका, रुग्णालयाच्या फोनवर विचारून ठरवा.

गोळी बदलल्यावर

नवी गोळी सुरू झाली की पहिला आठवडा तिच्यावर सोडा. दुसऱ्या आठवड्यात सात दिवस घरी बीपी मोजा. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, दरवेळी एक मिनिटाच्या अंतराने दोनदा. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नाही, लघवी करून यायची, पाच मिनिटे पाठ टेकून बसायचे, पाय जमिनीवर, मांडी घालून नाही. दंड उघडा आणि पट्टा हृदयाच्या उंचीवर. दंडाचा घेर ३२ सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर मोठा पट्टा लागतो, नाहीतर आकडा खोटा वर दिसतो. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. घरी मोजलेली सरासरी १३५/८५ च्या खाली असली तर नवी गोळी लागू पडली. वर राहिली तर वही घेऊन त्याच डॉक्टरकडे जा. आणि नव्या गोळीने अंगावर पुरळ, चेहऱ्यावर सूज असे काही उठले तर डॉक्टरला दाखवून झाल्यावर १८००-१८०-३०२४ या औषध-दुष्परिणाम नोंदणीच्या मोफत क्रमांकावर गोळीचे नाव आणि बॅच नंबर कळवा. जपून ठेवलेली पाकिटाची कड तेव्हा लागते.